पेटीची खोली

मी बहरीनच्या बुसैतीनमधल्या एका दुमजली घराच्या गच्चीवरची खोली बोलतेय.

खोली म्हणवून घ्यायला मला अजून जरा संकोचच वाटतो. माझा जन्म माणसांसाठी झालेलाच नव्हता. घरमालकांच्या थोरल्या मुलाला कबुतरांचा नाद होता, त्या कबुतरांसाठी मला बांधलं. तीन बाजूंना सिमेंटच्या विटा, चौथ्या बाजूला प्लायवूड, वर पत्रा, आणि आतल्या मंडळींना हवा मिळावी म्हणून भिंतीत ओळीनं भोकं. थोडक्यात, मी भिंत कमी आणि चाळण जास्त होते.

पुढे मुलाचं लग्न झालं, तो दुसरीकडे राहायला गेला आणि कबुतरंही घेऊन गेला. मग माझ्यात रंगाचे रिकामे डबे आले, एक मोडकी सायकल आली, आणि मी आपली असून नसल्यासारखी पडून राहिले. वरचा मजला गच्चीसकट कश्मिरा आणि सलीलनं भाड्यानं घेतला, तेव्हा कुठे कुणीतरी माझं दार मनापासून उघडलं.

सलील इंजिनियर, मोठमोठ्या इमारतींच्या एसीची कामं बघणारा. कश्मिरा बँकेत हिशेबाच्या कामावर. पण तिचा खरा जीव पेटीत. पेटी म्हणजे हार्मोनियम, सामानाची नव्हे. सांगलीला तिच्या मामांचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिनं त्या दुकानात भाते चिकटवण्यात घालवल्या होत्या. बहरीनमध्ये तिला कळलं की इथं पेट्या पुष्कळ आहेत आणि दुरुस्त करणारं कुणी नाही. भजनवाल्यांच्या, कव्वालीवाल्यांच्या, गाण्याच्या क्लासच्या, चर्चमधल्या मल्याळी मंडळींच्या. बिचाऱ्या कपाटावर चढवून ठेवलेल्या. मग शुक्रवार-शनिवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, माझ्यात टेबल आलं, दिवा आला, कानशी आल्या, आणि मी कबुतरखान्याची वर्कशॉप झाले. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलत नाही, दृष्ट लागेल.

मग गुंडू झाला. त्याचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते पासपोर्टवरच असतं.

गुंडू झाल्यावर कश्मिरानं नोकरी सोडली आणि काळजी धरली. तो झोपला की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. तो शिंकला की फोनवर शोधायची, आणि फोन नको ते सांगायचा. "नॉर्मल आहे ना?" हे वाक्य ती एवढ्यांदा म्हणायची की सलील प्रश्न पुरा व्हायच्या आतच "आहे" म्हणायला लागला. तुम्ही विचाराल, गच्चीवरच्या खोलीला हे कसं ठाऊक? कपडे वाळत घालताना माणसं मनातलं सगळं बोलतात. दोरी माझ्या दारासमोरच आहे.

आणि मी? माझ्यात बाबागाडीचं खोकं आलं, दोन रिकाम्या बॅगा आल्या, आणि दार लागलं ते लागलंच.

डिसेंबरात सलीलची आई पूर्णिमाबाई व्हिजिट व्हिसावर पुण्याहून आल्या. त्यांच्या पाठोपाठ थंडी आली. बहरीनला थंडी पडते हे तिकडे कुणाला सांगून पटत नाही. पूर्णिमाबाईंनीही येताना स्वेटर आणला नव्हता. "वाळवंटात कसली आलीय थंडी," असं म्हणून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सलीलचे मोजे घालून संगमरवरी फरशीवर चालायला लागल्या. इथली घरं उन्हाळ्याच्या भीतीनं बांधलेली. समुद्रावरून वायव्येचा वारा सुटला की ती कुडकुडतात, आणि मी तर चाळणच.

अशाच एका वाऱ्याच्या संध्याकाळी सदानंदकाका पेटी घेऊन जिना चढले. काका मराठी मंडळातल्या भजनांचे म्होरके. पेटी त्यांनी टेबलावर ठेवली आणि धाप आवरत म्हणाले, "हिचा घसा बसलाय बघ. संक्रांतीच्या शुक्रवारी आपला कार्यक्रम आहे. होईल का तोवर?"

"बघते ना काका. म्हणजे, प्रयत्न करते. नक्की असं नाही सांगत. पण बघते."

"तू मनाला लावून घेऊ नकोस हं. आता बाळ आहे तुला. नाहीच जमलं तर कीबोर्ड आणू, पोरांना तोच आवडतो."

काका हे प्रेमानंच बोलले. ते जिन्यावरून खाली जाईपर्यंत कश्मिरा पेटीकडे बघत उभी होती. मग तिनं बॅगा बाहेर काढल्या, दिवा लावला आणि पेटीचं वरचं झाकण उघडलं. आत पितळेच्या बारीक जिभा असतात, सूर म्हणतात त्यांना. हवा गेली की त्या थरथरतात आणि बोलतात. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. किती खरवडायचं ते फक्त कान सांगतो.

तिनं कानस लावली, भाता दाबला, ऐकलं आणि दचकून उठली. "रडतोय," म्हणाली आणि धावली. गुंडू खाली आजीच्या मांडीवर गाढ झोपलेला. परत वर आली, भाता दाबला, परत धावली. भोकांतून वारा शिट्ट्या घालत होता आणि तिला त्या प्रत्येक शिट्टीत गुंडू ऐकू येत होता. शेवटी थंडीनं बोटं आखडली तेव्हा तिनं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दोरीवर झबली घालता घालता ती सलीलला म्हणाली, "माझा कान गेला बहुतेक. बाळंतपणात जात असेल का? मी शोधलं, पण तसं काही सापडलं नाही."

"तुला थंडी वाजत होती आणि लक्ष खाली होतं. त्याला वर आण की."

"या खोलीत? एवढ्या वाऱ्यात?" मग शेवटचं झबलं दोरीवर टाकून ती म्हणाली, "असं करू. ही एक पेटी करून बघते. नाही जमली तर बंदच करते हे सगळं. खोलीत बॅगा ठेवू, निदान खाली जागा होईल."

हे ती हसत बोलली. मला काही हसू आलं नाही.

सलीललाही आलं नसावं. कारण मला उबदार करून घ्यायचं ठरवून त्यानं लगेच तळमजल्यावरच्या नजीबला हाक मारली. नजीब रायगडातल्या म्हसळ्याचा, एसीच्या डक्टवर आवरण चढवणाऱ्या टोळीचा फोरमन. त्यानं मला आतून-बाहेरून ठोकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागला.

"भाभी, आख्खी जिंदगी मी थंडी आत कोंडली. थंडी भायेर ठेव म्हणून सांगणारी तुम्हीच पयल्या."

"होईल ना पण?"

"व्हईल. इंशाल्ला. ह्या इंजिनियरनं मधे बोट घातला नाय तर नक्कीच व्हईल."

माझं प्लायवूड उतरवलं तेव्हा ओलीनं त्याचे पापुद्रे सुटलेले निघाले. मला लाज वाटली, पण कुणी नावं ठेवली नाहीत. नव्या लाकडी पट्ट्यांची चौकट उभी राहिली, भोकं बुजली, पत्र्याखाली आढी ठोकली. थंडीनं दोघांची नाकं लाल झाली होती. खालून नजीबची बायको झोहरा आल्याचा चहा पाठवायची आणि तो गच्चीवर पोचेपर्यंत कोमट व्हायचा. एकदा वाऱ्यानं चंदेरी कागदाची अख्खी गुंडाळी उलगडत नेली आणि शेजारच्या टाकीला गुंडाळली. दोन मोठे पुरुष त्या कागदामागे धावताना पाहून पूर्णिमाबाई एवढ्या हसल्या की त्यांची थंडी पळाली.

पट्ट्यांच्या मधे भरायचा तो दगडी लोकरीचा गादीसारखा थर बघून कश्मिराची काळजी जागी झाली. ही लोकर उडते का? गुंडूच्या नाकात गेली तर? पेट घेते का? नजीबनं तिच्यासमोर एका तुकड्याला लायटर लावून दाखवला. लोकर पेटली नाही, त्याचं बोटच भाजलं. तरी वरून जिप्समचे तक्ते ठोकल्यावर तिनं टॉर्च घेऊन एकेक सांधा तपासला आणि जिथं केस जाईल एवढी फट होती तिथं टेप मारायला लावली.

खरा वाद झाला तो चंदेरी कागदावरून.

"चकचकीत बाजू भायेर," नजीब म्हणाला. "डक्टला तशीच अस्ते."

"अरे, डक्टमध्ये आत गार हवा असते," सलील म्हणाला. "इथं आत ऊब हवीय. कागद आतल्या बाजूला."

"आणि जूनमधी काय करशील? मग भायेर उन्हाळा नाय काय?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून वाद मिटेना. दोघांनी कश्मिराकडे बघितलं. तिनं फोनमध्ये बघितलं. एका ठिकाणी आत लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी बाहेर.

"दोन्ही बाजूंनी लावा ना," ती म्हणाली.

झालं. मला आतून कागद, बाहेरून कागद. बर्फीला दोन्हीकडून वर्ख लावावा तशी मी दिसत होते. दाराला रबराची पट्टी बसली, खिडकीला दुहेरी काच. एकच गोष्ट कश्मिरानं हट्टानं राखून ठेवली: कोपऱ्यातलं एक भोक. "हवा खेळायला पाहिजे, बाळ असणार आत," म्हणाली. सलील म्हणाला, एवढं सगळं करून भोक ठेवायचं? पण ठेवलं.

तेलाचा इलेक्ट्रिक हीटर लावला आणि दार ओढून घेतलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच आतली शांतता ऐकू आली. वारा बाहेर डोकं आपटत होता आणि मी उबेत होते. कोपऱ्यात गादी टाकून गुंडूला निजवलं. कश्मिरानं भाता दाबला. गुंडूनं मूठ चोखणं थांबवलं, टेबलाकडे वळला आणि बोळकं पसरून हसला. त्या दिवशी त्या दोघांच्यात मीही कुठेतरी मावते असं मला वाटलं.

आता पुढचं जे झालं त्यात दोष कुणाचा म्हणायचा? घरभर गारठा आणि मी एकटीच उबदार. असं असल्यावर माणसं काय करणार?

पहिल्यांदा विरजण आलं. खाली दही लागत नव्हतं, दूध नुसतं रुसून बसायचं. "एका कोपऱ्यात ठेवते गं," पूर्णिमाबाई म्हणाल्या, "तुझ्या कामात येणार नाही." सकाळी दही असं लागलं की पातेलं उपडं केलं तरी सांडेना. मग इडलीचं पीठ आलं. ते फुगलं, झाकण वर उचललं आणि कानशींच्या डब्यात उतरलं. ही बातमी तळमजल्यावर पोचली आणि झोहराचं सांदणांचं पीठ आलं, फडक्यानं झाकलेलं, नजीबच्या हातून, "भाभी, जरा शेजारधर्म" असं म्हणत. मग गुंडूच्या लंगोटांची दोरी आली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कोपऱ्यातल्या भोकातून बारीक झुळूक येते हे पूर्णिमाबाईंच्या लक्षात आलं, आणि नातवाला वारं लागू नये म्हणून त्यांनी त्यात एक जुनं झबलं कोंबलं.

कश्मिरा प्रत्येक वेळी म्हणायची, "राहू दे, एवढ्यानं काय होतंय." टेबलावरची तिची जागा हळूहळू एका पाटाएवढी उरली. घर मात्र आनंदात होतं. दही, इडल्या, सांदणं, सुकलेले लंगोट. माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही त्याला भुललेच.

फक्त माझा श्वास जड व्हायला लागला. लंगोटांतलं पाणी कुठे जाणार? आत कागद, बाहेर कागद, भोकात झबलं. ते माझ्या खिडकीवर घामासारखं जमायचं आणि ओघळायचं.

कश्मिरा संध्याकाळी सूर लावायची आणि सकाळी तो घसरलेला असायचा. परत लावायची, परत घसरायचा. बोटांखालच्या मधल्या दोन पट्ट्या दाबल्यावर वरच येईनात. भात्याचं चामडं मऊ पडलं. एक सूर तर बोलेचना. संक्रांतीच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी तिनं झाकण लावलं, हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ गुंडूकडे बघत बसली.

सलील ऑफिसला निघाला होता. ती दारातूनच म्हणाली, "काकांना फोन कर ना. कीबोर्ड आणा म्हणून सांग. माझ्याच्यानं नाही व्हायचं. कान गेलाय, मी म्हटलं नव्हतं?"

"तूच सांग ना."

"मला सांगवणार नाही."

"बरं. दुपारी करतो."

मला ओरडावंसं वाटलं. अगं, तुझा कान शाबूत आहे, माझंच अंग ओलं आहे. पण आमच्या जातीला बोलता येतं ते सगळं होऊन गेल्यावर, हे असं. त्या वेळी मी फक्त खिडकीवरचा आणखी एक थेंब ओघळू दिला. तिनं तो बाहीनं पुसला.

तेवढ्यात पूर्णिमाबाई आल्या. पुण्याहून आणलेल्या उडदाच्या पापडांचा डबा त्यांनी माझ्या फळीवर ठेवला होता, उबेत कुरकुरीत राहतील म्हणून. त्यांनी डबा उघडला, एक पापड काढला, मोडायला गेल्या आणि तो मोडेचना. नुसता वाकला.

"अगोबाई. कश्मिरा, हे बघ. एवढ्या गरम खोलीत माझे पापड सादळले."

कश्मिरा वळली. "काय झाले?"

"सादळले गं. मऊ पडलेत. बघ की हात लावून."

कश्मिरानं पापड हातात घेतला. वाकवला. सोडला. परत वाकवला. मग तिनं पेटीचा भाता चिमटीत धरून तसाच वाकवून बघितला. मग खिडकीकडे बघितलं, लंगोटांच्या दोरीकडे बघितलं, पिठांच्या पातेल्यांकडे बघितलं, आणि कोपऱ्यातल्या त्या झबल्याकडे.

"आई," ती म्हणाली, "पेटी सादळलीय."

"पेटी? पेटी कशी सादळेल, ती काय पापड आहे?"

"पापडच आहे. लाकूड, चामडं आणि पितळ. आई, माझा कान नाही गेलाय. पेटी सादळलीय." एवढं म्हणून ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पापडाच्याच हातानं पुसलं. गुंडूही हसला. त्याला कारण लागत नाही.

मग मी जे पाहिलं ते कधी पाहीन असं वाटलं नव्हतं. हिनं फोनमध्ये शोधलं नाही की कुणाला विचारलं नाही.

"आई, हे सगळं खाली न्यायचंय. लंगोट, पातेली, पापड. आत्ता."

पूर्णिमाबाईंनी पिठावरचं फडकं सारखं केलं. "पीठ तेवढं राहू दे गं. झोहराला काय सांगू?"

"सांगा, पेटीचं दुकान उघडलं. आता पीठ-बीठ खलास." आणि तिनं झबलं भोकातून खस्सकन ओढून काढलं.

"आणि हा?" पूर्णिमाबाईंनी गुंडूकडे बोट दाखवलं. "मी नेऊ? तुला चालेल?"

कश्मिराचा हात गुंडूच्या टोपीकडे गेला, टोपी आधीच नीट होती, तरी तिनं ती सारखी केली. "न्या," म्हणाली. "त्याला... काही नाही. तुम्हाला सगळं माहितीय."

"तीन पोरं वाढवलीत बाई मी."

"म्हणूनच."

पूर्णिमाबाई एका कडेवर नातू आणि दुसऱ्या हातात विरजणाचं पातेलं घेऊन जिना उतरल्या. खाली पोचून त्यांनी मोठ्यांदा झोहराला हाक मारली, "अगं, आपल्याला हाकललं." त्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता.

कश्मिरानं दार सताड उघडलं, खिडकी उघडली. ज्याला अडवायला एवढा खटाटोप करून मला गुंडाळलं होतं तोच वायव्येचा वारा तिनं हात पसरून आत घेतला. हा वारा गार असतो, पण कोरडा असतो. तो माझ्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरला, तक्ते पुसून गेला, पेटीच्या पोटात शिरला. सलीलची शाल गुंडाळून ती दारात बसून राहिली, आणि तिनं त्याला फोन लावला. "काकांना काही कळवू नकोस. पेटी देतेय मी." पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण ही म्हणाली, "हो, खात्रीनं."

मी कोरडी झाले तसं दार लागलं, हीटर मंद झाला. तिनं चामड्याला ठिगळ लावलं, अडकणाऱ्या पट्ट्यांच्या कडा घासल्या आणि एकेक सूर हातात घेतला. खरवडायची, दाबायची, डोळे मिटून ऐकायची. माझ्यात तेव्हा एवढी शांतता होती की एका सुराचा दुसऱ्याला लागणारा बारीक थरथराट मलाही कळायचा, आणि तो थांबला की दोघं एक झालेले कळायचे. ती धावली नाही. एकदाही उठली नाही. सगळं सप्तक जुळल्यावर तिला गुंडूची आठवण झाली आणि ती एवढ्या वेळात झाली नव्हती हे जाणवून ती जागच्या जागी घाबरली. खाली गेली तर गुंडू दह्यानं माखलेला, आजी त्याला गाणं म्हणून दाखवत होत्या आणि ते बेसूर होतं. हे तिनंच नंतर दोरीपाशी सलीलला सांगितलं. "बेसूर आहे हे मला जिन्यातूनच कळलं," असं म्हणताना ती किती खूश होती.

गुरुवारी काका आले. पेटीवर बोटं फिरवली, भाता ओढला आणि पहिल्याच सुरावर भजनाची एक ओळ गुणगुणले. मग म्हणाले, "कीबोर्डवाल्याला नाही म्हणून सांगतो," आणि पेटी लेकरासारखी छातीशी धरून जिना उतरले. कार्यक्रम कसा झाला ते मला कुणी सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात सखीरच्या विद्यापीठात शिकणारी एक मुलगी आजोबांची पेटी घेऊन आली, आणि सलमानियाच्या हॉस्पिटलातल्या एका नर्सबाईंनी चर्चची पाठवली. बॅगा आता पलंगाखाली असतात, बाबागाडीचं खोकं नजीबनं टाकून दिलं.

घरात दही पुन्हा नीट लागत नाही. चालतंय. गुंडू सकाळी थोडा वेळ माझ्यात असतो, गादीवर लोळून भात्याची हवा खातो, आणि मग आजीकडे जातो.

तुम्ही कधी या गच्चीवर आलात तर जरूर या, चपला बाहेर काढा, ऊब आहे आत. फक्त येताना मोकळ्या हातानं या, आणि आलात की थोडं गप्प बसा. मलाही आता थांबायला हवं. कश्मिरा वर आलीय, तिनं दार ओढून घेतलंय, टेबलावर कुणाचीतरी जुनी पेटी उघडून पहिला सूर लावायला घेतलाय. तिला शांतता लागते.